टाकवत नाही

या आजाराला मराठीत धड नाव नाही. ‘होर्डिंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर रस्त्याकडेचा जाहिरातफलक उभा राहतो आणि ‘साठेबाजी’ म्हटलं की भाव चढायची वाट बघत बसलेला व्यापारी. दोघांचाही इथे काही संबंध नाही. डॉक्टरांच्या तोंडी ‘होर्डिंग डिसऑर्डर’ असतं. इथे त्याला साठवण-विकार म्हणू. नाव नसलं तरी मराठीत एक क्रियापद आहे आणि ते फार नेमकं आहे. ‘टाकता येत नाही’ आणि ‘टाकवत नाही’ यांतला फरक कुणाला समजावून द्यावा लागत नाही. हातपाय धड आहेत, कचऱ्याचा डबा दोन पावलांवर आहे, वस्तू मोडकी आहे हेही दिसतंय. तरी टाकवत नाही. निदानाचा पहिला निकष जवळपास याच शब्दांत लिहिता येईल.

बरीच वर्षं हा ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, एक प्रकार समजला जायचा. ओसीडीवरचे नेहमीचे उपचार या रुग्णांना कमी लागू पडतात आणि रुग्ण ते मध्येच सोडून जातात, हे लक्षात येत गेलं तसा हा समज ढासळला. २०१३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत साठवण-विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही तो वेगळा नोंदलेला आहे; ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं.

निकष साध्या भाषेत असे: वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकायला किंवा दुसऱ्याला द्यायला सतत अडचण येते. ती जपलीच पाहिजे असं आतून वाटतं आणि टाकायची वेळ आली की जिवाची घालमेल होते. परिणामी राहत्या जागा भरत जातात आणि ज्यासाठी होत्या त्या कामाच्या उरत नाहीत. यातून माणसाला त्रास होतो, किंवा त्याची नोकरी, नाती, घराची सुरक्षितता पणाला लागते. आणि या सगळ्याचा उलगडा दुसऱ्या एखाद्या शारीरिक वा मानसिक आजाराने होत नाही.

यात ‘राहत्या जागा’ हे शब्द कळीचे आहेत. माळा किंवा गॅरेज ठासून भरलंय, पण ओट्यावर स्वयंपाक होतो, पलंगावर झोपता येतं, खुर्चीत बसता येतं, तर तो पसारा आहे; आजार म्हणायला तेवढं पुरत नाही. उलट घर मोकळं दिसतं म्हणून आजार नाही असंही ठरत नाही. घरातलं दुसरं कुणी रोज मागून आवरतंय म्हणून जागा मोकळी असेल, तर निकष पूर्ण झाल्याचंच धरतात. अशा घरात आजार एकाला असतो आणि पाठ दुसऱ्याची मोडते.

पाहण्यांमधून दिसणारं प्रमाण साधारण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे चाळीस माणसांत एक. पुरुष आणि स्त्रिया जवळपास सारख्याच संख्येने. लक्षणांची सुरुवात बहुतेकदा ११ ते १५ या वयात होते, विशीच्या मध्यापर्यंत रोजच्या जगण्यात अडथळे येऊ लागतात, तिशीच्या मध्यापर्यंत ते गंभीर होतात, आणि उपचाराला माणूस येतो तो पन्नाशीत किंवा त्यानंतर. एवढा उशीर का? शाळकरी वयात खोली आईवडिलांच्या ताब्यात असते, नंतर घर मोठं असतं, आणि ढीग वर्षाला वीतभर वाढत असेल तर रोज बघणाऱ्याला तो वाढताना दिसत नाही. शिवाय आजाराची जाण कमी असणं हा आजाराचाच भाग आहे. निदान करताना ‘जाण बरी’, ‘जाण कमी’ की ‘जाण अजिबात नाही’ हेही नोंदवतात, कारण उपचार कुठून सुरू करायचे ते त्यावर ठरतं.

निर्णय कुठे अडतो

आज जी उपचारपद्धत सर्वांत जास्त तपासली गेली आहे ती रँडी फ्रॉस्ट आणि टमारा हार्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मांडलेल्या आराखड्यावर उभी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ढीग हा शेवटचा टप्पा आहे. त्याच्या आधी चार ठिकाणी काहीतरी अडलेलं असतं: माहिती हाताळण्यात, वस्तूंशी असलेल्या नात्यात, वस्तूंबद्दलच्या समजुतींमध्ये आणि टाळाटाळीत.

माहिती हाताळणं म्हणजे लक्ष, वर्गवारी, निर्णय. बहुतेक लोक वीस कागद समोर आले की तीनचार गठ्ठे करतात. साठवण-विकार असलेल्या माणसाला स्वतःचा प्रत्येक कागद एकमेवाद्वितीय वाटतो, म्हणून गठ्ठे जास्त होतात आणि वेळही जास्त लागतो. गंमत म्हणजे हीच माणसं दुसऱ्याच्या वस्तूंची वर्गवारी बऱ्यापैकी करतात. स्वतःच्या वस्तू ती प्रकाराने न लावता जागेने लक्षात ठेवतात: ‘ते बिल खिडकीकडच्या ढिगात, वरून हातभर खाली.’ आठवणीवर भरवसा कमी, म्हणून वस्तू नजरेसमोर हवी. पण सगळंच नजरेसमोर ठेवलं की काहीच नजरेसमोर राहत नाही.

२०१२ मध्ये डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी याचं मेंदूतलं चित्र टिपलं. मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात सहभागी लोकांना ठेवून कागद दाखवले, काही त्यांच्याच घरच्या टपालातले, काही परक्यांचे, आणि प्रत्येकाबद्दल विचारलं: ठेवायचा की फाडायचा? अँटिरिअर सिंग्युलेट आणि इन्सुला हे दोन भाग परक्या कागदांच्या वेळी साठवण-विकाराच्या रुग्णांमध्ये नेहमीपेक्षा थंड होते. स्वतःच्या कागदांच्या वेळी मात्र नेहमीपेक्षा जास्त तापले. ‘हे किती महत्त्वाचं आहे, चूक तर होत नाही ना’ हे जोखण्यात या भागांचा वाटा असतो. जुन्या पाकिटालाही मेंदू दस्तऐवजाची वागणूक देत असेल, तर ‘अगं, टाक की’ या सल्ल्याने काय होणार?

समजुतींचे चार प्रकार वारंवार भेटतात. भावनिक: ही वस्तू म्हणजे तो माणूस, तो दिवस, किंवा मीच. आठवणीच्या: हे गेलं तर मी विसरेन. जबाबदारीच्या: चालणारी वस्तू वाया घालवणं हा गुन्हा आहे, हिचा उपयोग करून घेणं माझ्यावर आहे. आणि ताब्याच्या: माझ्या वस्तूंना माझ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. एकाच माणसात चारही असू शकतात, आणि वस्तूगणिक समजूत बदलते. वर्तमानपत्र माहितीसाठी राहतं, तुटकी छत्री जबाबदारीपोटी, फाटका स्वेटर मायेपोटी.

यावर टाळाटाळीचं चक्र बसतं. वस्तू हातात घेतली की अस्वस्थता चढते, परत ठेवली की झटकन उतरते. ही सुटका म्हणजे ठेवून देण्याला मिळालेलं बक्षीस. प्रत्येक वेळी बक्षीस मिळत गेल्याने ‘टाकलं असतं तर काय झालं असतं’ हे कधी कळतच नाही. त्यात नव्या वस्तूंची भर: रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के लोक गरजेपेक्षा जास्त आणतातही. विकत घेतात, फुकट मिळेल ते उचलतात, क्वचित चोरीही होते.

गरिबीत बालपण गेलं म्हणून माणूस साठवतो, हा लाडका सिद्धांत संशोधनात फारसा टिकलेला नाही. आयुष्यातल्या धक्क्यांशी, जवळच्यांच्या मृत्यूशी किंवा तुटलेल्या नात्यांशी संबंध जास्त दिसतो. जुळ्यांच्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा निघाला आहे. आळशीपणाचा वाटा कुणी मोजलेला नाही, आणि ढीग एकीकडून दुसरीकडे हलवण्यात या माणसांचे किती तास जातात हे पाहिलं तर मोजायची गरजही वाटू नये.

दिसायला सारखं, पण वेगळं

छंदाने संग्रह करणाऱ्याकडेही हजार वस्तू असतात. पण तो ठरावीक विषयाच्या वस्तू निवडून घेतो, मांडतो, लोकांना दाखवतो. साठवण-विकारात निवड नसते, मांडणी नसते आणि पाहुण्याची बेल वाजली की पोटात गोळा येतो.

ओसीडीतही वस्तू साठू शकतात, पण तिथे कारण नको असलेला विचार असतो: हे टाकलं तर घरातल्या कुणाला इजा होईल, किंवा शिवलं तर हात धूत बसावं लागेल. तिथे वस्तूचं प्रेम नसतं. अशा वेळी उपचार ओसीडीचे करायचे. खोल नैराश्यात घर भरतं ते उचलायची ताकद उरत नाही म्हणून. दुसऱ्याने उचललं तर माणसाची हरकत नसते. आयुष्यभर नीटनेटका असलेला माणूस साठीनंतर अचानक भंगार गोळा करू लागला, त्याचं बोलणं-वागणं बदललं, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाण्याचा आजार, त्याची सुरुवात अशी होऊ शकते. पसारा आणि घाण हेही एक नव्हेत. कित्येक भरलेली घरं कोरडी आणि स्वच्छ असतात. सडलेलं अन्न, मलमूत्र, कीड दिसली तर स्मृतिभ्रंश, मनोविकृती, व्यसन यांचा शोध घ्यावा लागतो.

प्राणी साठवणं हा याचाच एक अवघड प्रकार. संख्या हा निकष नाही. जनावरांना पुरेसं खाणं, स्वच्छता, उपचार मिळत नाहीत आणि हे मालकाला दिसत नाही, हा निकष. इथे जाण सर्वांत कमी असते.

जोडीला दुसरे आजार असणं हा जवळपास नियमच आहे. नैराश्य किंवा चिंताविकार बहुसंख्य रुग्णांत सापडतो, ओसीडी पाचांत एकाला, आणि लक्ष न टिकण्याचा एडीएचडी पुष्कळांना. जोडीचा आजार शोधला नाही तर आवरायची कौशल्यं कितीही शिकवा, घरी जाऊन काही होत नाही.

मोजायचं कसं

‘थोडा पसारा आहे’ याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडी वेगळा असतो, म्हणून शब्दांवर विसंबत नाहीत. क्लटर इमेज रेटिंग नावाचा संच आहे: स्वयंपाकघर, बैठकीची खोली, झोपायची खोली, प्रत्येकीचे नऊ फोटो, मोकळ्यापासून छताला टेकलेल्यापर्यंत. आपल्या खोलीशी जुळणारा फोटो निवडायचा. ४ किंवा त्यापुढचा आकडा आला तर तज्ज्ञाकडे जाण्याइतका प्रश्न आहे. रुग्ण आणि नातेवाईक यांनी वेगवेगळा निवडावा. दोघांच्या आकड्यांतलं अंतर हेच कधीकधी सर्वांत बोलकं असतं. याशिवाय २३ प्रश्नांची सेव्हिंग इन्व्हेंटरी आहे, ती पसारा, टाकण्यातली अडचण आणि नवं आणणं असे तीन आकडे वेगळे देते. उपचारांत कशावर जोर द्यायचा हे या तीन आकड्यांच्या चढउतारावरून ठरतं.

धोका मात्र वेगळा मोजावा. आकडा ५ असलेल्या खोलीत शेगडीशेजारी कागद असतील तर ती आकडा ७ च्या खोलीपेक्षा घातक. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या दहा वर्षांच्या नोंदींत अशा घरांतल्या आगी एकूण घरगुती आगींच्या ०.२५ टक्के होत्या, पण टाळता येण्याजोग्या आगीतल्या मृत्यूंपैकी २४ टक्के त्या आगींत झाले होते. आग जास्त लागते असं नाही. लागली की भडकते, बाहेर पडायला वाट नसते आणि आत शिरायलाही. ढीग अंगावर कोसळणं ही दुसरी भीती. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले कॉलियर बंधू १९४७ मध्ये घरात मृत सापडले तेव्हा लँग्ली आपल्याच सामानाखाली दबला होता आणि त्याच्यावर अवलंबून असलेला अंध, अपंग होमर उपाशी गेला होता.

म्हणून उपचार सुरू व्हायची वाट न बघता एवढं तरी आधी करावं: पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत साधारण ९० सेंटिमीटर रुंदीची वाट, शेगडी आणि हीटरभोवती एक मीटर मोकळी जागा, दरवाजे पूर्ण उघडतील एवढी मोकळीक, कमरेपेक्षा उंच ढीग नाहीत, चालू असलेला धुराचा अलार्म. या टप्प्यावर काहीही टाकायची गरज नसते, सामान हलवलं तरी चालतं. म्हणूनच बहुतेक माणसं याला तयार होतात.

उपचार: एक चार्जर

उपचारांचं नाव कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, सीबीटी: विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची आणि सरावाची पद्धत. पण साठवण-विकारासाठी ती खास बेतलेली असते. गेल स्टेकेटी आणि रँडी फ्रॉस्ट यांच्या पद्धतीत २६ सत्रं असतात, आठवड्याला एक, आणि साधारण दर चौथं सत्र रुग्णाच्या घरी. दवाखान्याच्या मोकळ्या टेबलावर निर्णय सोपे जातात, घरच्या ढिगापुढे तोच माणूस गोठतो. म्हणून घरी जाणं टाळता येत नाही.

पहिली काही सत्रं वस्तूंना हात न लावता जातात, आणि नातेवाइकांना नेमका याचाच राग येतो. पण घरच्यांच्या दबावाखाली आलेला माणूस पहिल्या दिवशी बचाव करत असतो. थेरपिस्ट त्याच्याशी वाद घालत नाही. आवरलं तर काय होईल, नाही आवरलं तर काय होईल, हे त्याच्याच तोंडून काढतो. ध्येयही त्याचंच. ‘घर नीट करायचं’ हे ध्येय निकामी आहे, कारण ते कधी पूर्ण झालं हे कळत नाही. ‘जेवणाच्या टेबलावर दोघांना बसून जेवता यावं’ हे चालतं. तीनचार ठिकाणांहून खोलीचे फोटो काढून ठेवतात आणि पुढे तिथूनच काढत राहतात, कारण सहा महिन्यांनी रुग्णाला खरोखर वाटतं की काहीच फरक पडलेला नाही.

मग नळ बंद करणं. आत येणारा ओघ चालू असताना खोली रिकामी करणं म्हणजे वाहत्या नळाखाली बादली उपसणं. यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा सराव असतो: मोह होणाऱ्या दुकानासमोरून न थांबता जायचं, मग काचेतून बघायचं, मग आत जाऊन काहीही न उचलता बाहेर यायचं, शेवटी आवडलेली वस्तू हातात घ्यायची, दहा मिनिटं घुटमळायचं आणि परत ठेवायची. आधी थेरपिस्टसोबत, मग एकट्याने. खिशात चार प्रश्नांचं कार्ड: अशी वस्तू माझ्याकडे आहे का? ठेवायला रिकामी जागा कुठे आहे? एक महिन्याच्या आत वापरणार का? दुरुस्त करायची असेल तर कोणत्या दिवशी? ऑनलाइन खरेदीसाठी साठवलेली कार्डं खात्यातून काढणं आणि टोपलीत टाकलेली वस्तू तीन दिवस तशीच ठेवणं, एवढ्यानेही बराच ओघ आटतो.

त्यानंतर वर्गवारी. सुरुवात अशा जागेपासून करावी जी लहान आहे, रोज दिसते आणि जिथे भावनेत गुंतलेलं काही नाही: सोफ्यावरची एक बसायची जागा, ओट्याचा एक कोपरा. फोटोंची पेटी शेवटी. तीन खोकी: ठेवायचं, जायचं, ठरत नाही. खोक्यांना हात घालण्यापूर्वी ‘ठेवायचं’ म्हणजे कुठे आणि ‘जायचं’ म्हणजे कुठे हे लिहून काढतात. हे लिहिलं नसेल तर ‘ठेवायचं’ हे खोकं फक्त नवीन ढीग होतं. वेळ १५ ते ३० मिनिटं, घड्याळ लावून. वस्तू निवडून घ्यायची नाही, वरची आली ती घ्यायची आणि मोठ्याने बोलत ठरवायचं.

समजा बंद पडलेल्या, केव्हाच देऊन टाकलेल्या फोनचा चार्जर हातात आला. थेरपिस्ट विचारतो, हा टाकला तर काय होईल? ‘कधीतरी लागेल.’ लागला आणि नसला तर? ‘विकत आणावा लागेल.’ आणावा लागला, मग? ‘पैसे वाया.’ आणि वाया गेले म्हणजे? इथे थोडी शांतता होते. ‘म्हणजे मी बेफिकीर आहे. घरच्यांचं म्हणणंच खरं.’ आता कुठे खरी वस्तू हातात आली. चार्जरबद्दल वाद घालून काही हाती लागलं नसतं. ‘एक चार्जर गेला तर मी बेफिकीर ठरते का’ यावर मात्र बोलता येतं.

बोलून झालं की प्रयोग. कागदावर लिहायचं: टाकल्यावर अस्वस्थता किती असेल, ० ते १००? ‘९०.’ किती दिवस टिकेल? ‘महिनाभर तरी.’ मग चार्जर त्या दिवशीच घराबाहेर जातो आणि खरी अस्वस्थता नोंदवली जाते: लगेच, दहा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. बहुतेकदा आकडा अंदाजापेक्षा बराच आधी खाली येतो. क्वचित येत नाही, तेही नोंदवायचं. पुढची वस्तू जरा सोपी घ्यायची. असे पंचवीसतीस कागद जमले की थेरपिस्टला पटवावं लागत नाही. चक्राचं बक्षीस काढून घेण्याचा दुसरा मार्ग अजून तरी सापडलेला नाही.

थेरपिस्टच्या बाजूनेही एक नियम काटेकोर पाळायचा असतो: परवानगीशिवाय कशालाही हात नाही, आणि निर्णय कायम रुग्णाचा. थेरपिस्टने भराभर ठरवून दिलं तर खोली लवकर मोकळी होते, पण दुसऱ्या दिवशी टपाल आलं की त्या माणसाला काय करायचं ते येतच नसतं.

कागद हे वेगळंच प्रकरण. कपडे आणि भांडी हलली तरी कागद हलत नाहीत, कारण प्रत्येकात ‘कदाचित’ काहीतरी असतं. यावर वस्तूगणिक निर्णय न घेता आधी नियम करतात. ओळख, मालमत्ता, औषधोपचार, कर यांचे कागद किती वर्षं ठेवायचे हे माहीतगाराला एकदाच विचारून एका पानावर लिहायचं आणि ते पान भिंतीवर. बाकीचे नियमाप्रमाणे जातात. न वाचलेल्या वर्तमानपत्रांसाठी हिशेब उपयोगी पडतो: ६०० अंक, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ३०० तास. रोज एक तास दिला तर ३०० दिवस, आणि तेवढ्यात ३०० नवे अंक घरात आलेले असतील. हे सुनावण्याच्या सुरात सांगितलं तर फुकट जातं. रुग्णाने स्वतः पेन घेऊन मांडलं तर चालतं.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते घुसळण्यात. माणूस वस्तू उचलतो, ठरत नाही, दुसऱ्या ढिगावर ठेवतो. तीन तासांनी ढिगांचे आकार बदललेले असतात आणि वजन तेवढंच. उपाय म्हणून ‘हातात एकदाच’ हा नियम शिकवतात. तो पूर्णपणे पाळला जात नाही, पण दोनदा हातात घेतलेली वस्तू खटकू लागली तरी पुष्कळ.

‘ठरत नाही’ हे खोकं फुगतं. त्याला मर्यादा हवी: एकच खोकं, झाकण लागेल एवढंच, वर तारीख. भरलं की नव्या वस्तूसाठी जुनी काढायची.

सुंदर डबे आणि कपाटं विकत आणली जातात. खूप उत्साहात होणारी चूक आहे ही. सामान कमी व्हायच्या आधी आणलेला डबा म्हणजे आणखी एक वस्तू.

‘गरजू माणसालाच द्यायचं’ म्हणून बांधलेली पिशवी दारात सहा महिने उभी असते. योग्य माणूस, योग्य पुस्तक, योग्य मापाचा कोट. परिपूर्णतेचा हा हट्ट दिसायला उदारपणासारखा दिसतो, म्हणून कुणी टोकत नाही. पिशवीला जायचा दिवस ठरवावा, आणि तो उलटला तर ती जवळच्या कोणत्याही ठिकाणी जाईल असं आधीच कबूल करून घ्यावं.

आणि गृहपाठ. दोन सत्रांच्या मध्ये रोज पंधरा मिनिटं ज्यांच्याकडून होतात त्यांच्यात फरक पडतो. लक्ष टिकत नसेल तर पंधराची सात करावीत, समोर दुसऱ्याने नुसतं बसावं, पण रोज. रविवारी सहा तास हा पर्याय नाही. त्या सहा तासांनंतरचा थकवा पुढचे तीन आठवडे खातो.

घरच्यांनी

गुपचूप टाकू नये. लहानशी पिशवी गेली तरी कळतं, आणि मग सगळ्या वस्तूंवर पहारा बसतो. ‘कचरा’, ‘भंगार’, ‘उकिरडा’ हे शब्द टाळावेत. वस्तूला तो माणूस जे म्हणतो तेच म्हणावं. पण मदतीच्या नावाखाली ढिगाची सोयही करू नये: सामान ठेवायला आपली खोली देणं, भाड्याने जागा घेणं, आणलेलं उचलून आत ठेवणं. सामाईक जागांबद्दल स्पष्ट बोलावं आणि एकच मागणी करावी, मोजता येणारी: जिना मोकळा, मुलाचा पलंग मोकळा. घरच्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण असतं. रुग्ण उपचाराला यायला तयार नसला तरी ते घेता येतं, आणि घरातले टोमणे कमी झाले की रुग्ण येण्याची शक्यता वाढते.

एका दिवसात माणसं बोलावून घर रिकामं करणं हा मोह टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ट्रक निघून जातो, निर्णय घेण्याची अडचण घरातच राहते; घर पुन्हा भरतं आणि मदत करणाऱ्यांसाठी दार कायमचं बंद होतं. पण मुलं, आग किंवा घर रिकामं करण्याचा हुकूम यामुळे थांबता येत नाही अशीही वेळ येते. मग तो माणूस तिथे हजर हवा, हात न लावायच्या वस्तूंची यादी आधी त्याच्याकडून घेतलेली हवी, काम वाटेपासून सुरू व्हायला हवं, आणि नंतरच्या आठवड्यात त्याच्याकडे रोज कुणीतरी जायला हवं. एवढ्या तोट्यानंतर नैराश्य खोल जाऊ शकतं.

गोळ्या, गट आणि खऱ्या अपेक्षा

खास या आजारासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या अभ्यासांत काही रुग्णांना फायदा दिसला, पण ते अभ्यास लहान आहेत आणि त्यांत तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता. व्यवहारात औषध द्यायचं ते बहुधा जोडीच्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी किंवा एडीएचडीसाठी, आणि त्याने उपचारात बसण्याची ताकद येते.

गटातली सीबीटीही चालते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मानसशास्त्रज्ञांनी चालवलेले गट आणि या आजारातून गेलेल्या प्रशिक्षित माणसांनी चालवलेले गट यांचे परिणाम जवळपास सारखेच निघाले. थेरपिस्ट मिळत नाही अशा ठिकाणी ही मोठी सोय आहे. वयस्क रुग्णांमध्ये विचारांशी वाद घालण्यापेक्षा नियोजन शिकवणं, कॅलेंडर आणि यादी वापरायची सवय लावणं आणि त्याला टाकण्याच्या सरावाची जोड देणं जास्त उपयोगी दिसलं आहे.

अपेक्षा मात्र खऱ्या ठेवाव्यात. २०१५ मध्ये सीबीटीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सरासरी सुधारणा चांगली होती, तरी उपचार संपल्यावरही बहुतेकांचे आकडे आजाराच्या रेषेच्या वरच होते. टाकण्यातली अडचण आधी कमी होते, पसारा मागून आणि हळू; वीस वर्षांचं सामान सहा महिन्यांत निघत नाही. सत्रं जास्त आणि घरभेटी जास्त, तिथे निकाल बरे, हेही त्याच आढाव्यात दिसलं.

पहिल्या भेटीला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जाताना खोल्यांचे ताजे फोटो न्यावेत, न आवरता काढलेले. चालू औषधांची यादी आणि पसारा साधारण कोणत्या वर्षी वाढला याचा अंदाजही न्यावा. साठवण-विकारावर काम केलंय का आणि घरी येता का, हे फोनवरच विचारून घ्यावं. सत्रं संपल्यावर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्याच जागांवरून फोटो काढत राहावेत. जेवणाच्या टेबलाचा मोकळा झालेला कोपरा लागोपाठ दोन फोटोंत झाकलेला दिसला, तर तिसऱ्याची वाट न बघता एक सत्र मागून घ्यावं.